क्विनोआ सर्वांच्या पानात कसा जावा?

प्रश्न

आमच्या घरी शाळकरी मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सर्वांसाठी एकच स्वयंपाक होतो. प्रत्येकाचे पथ्य सांभाळत वेगवेगळी ताटे मांडणे वेळेच्या दृष्टीने शक्य नाही आणि मला ते मनापासून पटतही नाही. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे भाताला जोड म्हणून आम्ही क्विनोआ, म्हणजे भातासारखे शिजवून खायचे एका वनस्पतीचे बारीक बी, आणू लागलो. परंतु तो कधी गिचका होतो, कधी त्याची कडवट चव जिभेवर रेंगाळते, आणि मुले तर पहिल्या घासानंतरच ताट बाजूला सारतात. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एक वाटी क्विनोआला दोन वाट्या पाणी घेते आणि शिजवण्यापूर्वी तो एकदा पाण्यातून काढते. तो मोकळा शिजावा यासाठी नेमके काय करावे, आणि आठवड्यातून काही वेळा तरी तो घरातील सगळे आवडीने खातील अशा पद्धती कोणत्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे. एका व्यक्तीपुरता तो वेगळा शिजवायचा नाही, एवढीच माझी अट आहे.

प्रतिसाद १

आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ धुण्यात आणि पाण्याच्या प्रमाणात आहे. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन या कडवट द्रव्याचे आवरण असते. पक्ष्यांपासून आणि किडींपासून बी वाचवण्याची ती त्या वनस्पतीची सोय आहे. विक्रीला येणाऱ्या बहुतेक क्विनोआवरून हे आवरण यंत्राने घासून किंवा धुऊन काढलेले असते, तरीही त्याचा अंश शिल्लक राहतो आणि तो एका पाण्याने जात नाही. बारीक जाळीची गाळणी घ्यावी, कारण साध्या गाळणीच्या भोकांतून दाणे निसटतात. वाहत्या पाण्याखाली दाणे बोटांनी हलके चोळत राहिल्यास पाण्यावर साबणासारखा फेस येताना दिसेल. तो फेस येणे पूर्ण थांबेपर्यंत आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धूत राहावे. नुसते भिजत घालून त्याच पाण्यात शिजवल्यास कडवटपणा भांड्यातच राहतो.

आता पाण्याविषयी. एकास दोन हे प्रमाण चूक नाही. परंतु धुतलेला दाणा बरेच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी दोन वाट्यांपेक्षा अधिक होते आणि दाणा फुटून गिचका होतो. धुतल्यावर तो गाळणीत चांगला निथळू द्यावा आणि एक वाटीला पावणेदोन वाट्या पाणी घ्यावे. पाण्याला उकळी आली की मीठ आणि क्विनोआ घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर सुमारे 15 मिनिटे शिजवावा. मध्ये ढवळू नये. दाणा पारदर्शक दिसू लागतो आणि त्याच्या कडेने वळलेला बारीक पांढरा तंतू सुटून बाहेर येतो. तो बियाचा अंकुर असतो आणि दाणा शिजल्याची ती सर्वांत भरवशाची खूण आहे. आच बंद केल्यावर झाकण न काढता 10 मिनिटे वाफेवर मुरू द्यावा आणि मगच काट्याने हलक्या हाताने मोकळा करावा. ही शेवटची 10 मिनिटे घाईत टाळली जातात, पण दाण्याभोवतीचा ओलावा त्याच वेळेत आत जिरतो. प्रेशर कुकरमध्ये शिजवायचा असेल तर वाफ बाहेर जात नसल्याने पाणी आणखी कमी लागते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील कृती अगदी योग्य आहे. मुलांच्या बाबतीत माझे मत असे की, त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी नुसत्या क्विनोआचे ताट ठेवू नये. तीन भाग पांढरा तांदूळ आणि एक भाग पांढरा क्विनोआ एकत्र शिजवावा. दोघांनाही साधारण सारखाच वेळ लागत असल्याने वेगळी भांडी करावी लागत नाहीत. ती चव अंगवळणी पडली की क्विनोआचे प्रमाण सावकाश वाढवत न्यावे. मात्र हे मुलांपासून लपवून करू नये, कारण लपवलेला पदार्थ ताटात सापडला की त्यांचा विश्वास उडतो आणि मग पुढचे काहीही ती संशयानेच खातात. आपण काय शिजवले आहे ते सांगावे आणि दोन घास खाऊन पाहायला द्यावेत.

रंगाचाही विचार करावा. पांढरा क्विनोआ मऊ आणि चवीला सौम्य असतो. लाल आणि काळा शिजायला काही मिनिटे अधिक घेतो, शिजल्यावरही थोडा करकरीत राहतो आणि आकार सोडत नाही. म्हणून तो काकडी, टोमॅटो, उकडलेले हरभरे आणि लिंबाचा रस घालून केलेल्या थंड कोशिंबिरीत शोभतो, पण भातात मिसळायला तितकासा बरा नाही. शिजवण्यापूर्वी निथळलेले दाणे थोड्या तेलात कांद्याबरोबर खमंग वास येईपर्यंत परतले, तर चवीत स्पष्ट फरक जाणवतो.

पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतरांगांत, विशेषतः टिटिकाका सरोवराच्या परिसरात, हे पीक हजारो वर्षांपासून घेतले जाते, आणि तेथील लोक ते भाज्यांच्या सुपात किंवा लापशीसारखे शिजवून साधेपणानेच खात आले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर जगभर त्याच्याभोवती जो थाट निर्माण झाला, त्याकडे लक्ष न देता भाज्यांच्या सुपात मूठभर क्विनोआ टाकून पाहावा. ज्या मुलांना तो ताटात नको असतो, ती तो सुपात सहज खातात असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ३

मधुमेहाचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. शिजवलेल्या 100 ग्रॅम क्विनोआत सुमारे 21 ग्रॅम कर्बोदके असतात आणि तेवढ्याच पांढऱ्या भातात सुमारे 28 ग्रॅम. तंतुमय घटक मात्र क्विनोआत 2.8 ग्रॅमच्या आसपास, तर पांढऱ्या भातात अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असतात, आणि क्विनोआमुळे रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढते याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. तरीही 21 ग्रॅम म्हणजे काही थोडी कर्बोदके नव्हेत. क्विनोआ आहे म्हणून दुप्पट वाढून घेतला, तर झालेला लाभ तिथेच संपतो. सासूबाईंच्या ताटातील प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

प्रथिनांविषयीही बरीच अतिशयोक्ती केली जाते आणि तिचा मला खेद वाटतो, कारण तिच्यावर विश्वास ठेवून लोक ताटातील डाळ कमी करतात. क्विनोआत नऊही आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात, आणि त्यांपैकी तृणधान्यांत कमी असणारे लायसिन त्यात चांगल्या प्रमाणात असते, हे खरे आहे. परंतु शिजवलेल्या 100 ग्रॅम क्विनोआत प्रथिने जेमतेम साडेचार ग्रॅम असतात आणि तेवढ्याच शिजवलेल्या मसुरात सुमारे 9 ग्रॅम. म्हणून क्विनोआ भाताच्या जागी यावा, डाळीच्या जागी नव्हे.

घरात कोणाला ऑक्झलेटचे, म्हणजे काही वनस्पतींत असणाऱ्या एका द्रव्यापासून बनणारे, मुतखडे होत असतील, तर नियमित वापरापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. पालक आणि बीट ज्या कुळातील आहेत त्याच कुळातील ही वनस्पती असून तिच्यातही ऑक्झलेट असते.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. फेस थांबेपर्यंत धुवायचे असते आणि निथळलेल्या दाण्यातील पाणीही हिशेबात धरायचे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. तांदळात एक भाग मिसळण्याची सूचना आमच्या घराला नेमकी मानवेल असे वाटते. आणखी एक शंका आहे: क्विनोआचे पीठ दळून ते गव्हाच्या पिठात मिसळता येईल का? आणि नोकरीच्या दिवसांत वेळ वाचावा म्हणून तो आधीच शिजवून ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १

पीठ जरूर करता येते, मात्र दाणे वर सांगितल्याप्रमाणे धुऊन, स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय दळू नयेत; न धुता दळल्यास सगळा कडवटपणा पिठात उतरतो आणि मग तो काढण्याचा मार्ग उरत नाही. दळण्यापूर्वी दाणे मंद आचेवर कोरडेच भाजून घेतले तर पिठाला खमंगपणा येतो. क्विनोआत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्यामुळे नुसत्या पिठाची कणीक ताणली जात नाही, लाटताना तिच्या कडा फाटतात. तीन भाग गव्हाच्या पिठात एक भाग क्विनोआचे पीठ मिसळावे, आणि मळल्यानंतर कणीक अर्धा तास झाकून ठेवावी. ग्लूटेन वर्ज्य असलेल्या व्यक्तीला हे मिश्रण अर्थातच चालणार नाही.

शिजवून ठेवायला हरकत नाही. शिजल्यावर तो पसरट ताटात मोकळा करून लवकर गार करावा आणि झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. तेथे तो चार दिवस चांगला राहतो. गरम असतानाच डबा बंद केल्यास आत वाफ धरून तो पुन्हा चिकट होतो. परत गरम करताना वर पाण्याचा हलका हबका मारून झाकण ठेवावे आणि आच मंदच असू द्यावी.