विषय: आउटबॅक – एक टायर की चारही?

प्रेषक: मंदार

मंडळी, घाईत लिहितोय.

२०१३ ची सुबारू आउटबॅक, २.५ लिटर, सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मागच्या डाव्या टायरची साइडवॉल फाटली, म्हणजे पॅचचा प्रश्नच नाही. उरलेल्या तिघांचं ट्रेड (खाचांची खोली) ७/३२ इंच. एक दुकानदार म्हणतो एकटा बसवणारच नाही, चार घ्या. दुसरा म्हणतो दोन चालतील. गुरुवारी पहाटे कोलोरॅडोतल्या डोंगरात, फ्रिस्कोला निघायचंय आणि सध्या गाडी स्टेपनीवर आहे. साइझ २२५/६० आर१७. सुबारूवाल्यांनीच उत्तर द्या, होंडापुराण नको.

कोजागिरीची दोन्ही पातेली याच गाडीतून येणार आहेत, एवढं लक्षात असू द्या.

---

प्रेषक: अभय

दोन घे आणि मागे टाक. नवी जोडी नेहमी मागच्या ॲक्सलला, म्हणजे ओल्या रस्त्यावर शेपूट फिरत नाही. चार टायर हा दुकानदारांचा धंदा आहे.

---

प्रेषक: शिरीष

> दोन घे आणि मागे टाक

अभय, हे कॅमरीला बरोबर आहे. सुबारूत इंजिन चारही चाकं चालवतं, तिथे दोन टाकणं हे एक टाकण्यापेक्षाही वाईट. हिशेब मांडतो.

२२५/६० आर१७ चा व्यास साधारण २७.६ इंच, परीघ ८६.८. सुबारूचं म्हणणं असं की चार टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच परीघ म्हणजे त्रिज्येत जेमतेम १ मिलिमीटर, ट्रेडच्या भाषेत सव्वा बत्तिसांश. दुकानांत २/३२ पर्यंत चालतं म्हणतात, ती त्यांनी घेतलेली ढील आहे.

नवा टायर १०/३२, मंदारचे ७/३२. फरक ३/३२, परिघात जवळजवळ ०.६ इंच, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

आता ॲक्सलचं बघा. मागे एकच नवा टाकला तर मागचा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) दोन चाकांची सरासरी काढतो, त्यामुळे पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक निम्मा उरतो, ०.३ इंच. मागे दोन्ही नवे टाकले की सरासरीचा फायदा गेला, अख्खा ०.६ इंच शाफ्टवर येतो. दर मैलाला सुमारे ५ फेऱ्यांचा फरक.

सीव्हीटीच्या आउटबॅकमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टमधला, नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला तेलात बुडालेला मल्टिप्लेट क्लच आहे, तोच मागच्या चाकांना ताकद देतो. हायवेवर तो सतत घसरत राहिला की तापतो, प्लेटा झिजतात, आणि झिजलेला चुरा त्याच सीव्हीटी तेलात फिरतो. लक्षण ओळखायला सोपं: कोरड्या पार्किंग लॉटमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, उड्या मारल्यासारखी गेली तर क्लच धरून ठेवतोय.

मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीत सेंटर डिफ आहे, पण त्यावर व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवाने दोन्ही शाफ्ट बांधून ठेवणारा जोड) बसवलेलं असतं. तेही असंच तापून कायमचं आवळून बसतं. मॅन्युअलवाल्यांनी निर्धास्त राहू नये.

---

प्रेषक: नेहा

शिरीषदादा, मग नवा टायर घासून ७/३२ ला आणायचा ना? रेसिंगवाली दुकानं शेव्हिंग करून देतात, ऑनलाइन मागवतानाही तसं सांगता येतं. मात्र मेक आणि मॉडेल तेच हवं. २२५/६० आर१७ लिहिलेले दोन कंपन्यांचे टायर टेप लावून मोजले तर परीघ एक येत नाही.

दुसरा उपाय, त्याच मॉडेलचा वापरलेला टायर शोधणं. साइडवॉलवरच्या डॉट (DOT) कोडचा शेवटचा चार आकडी नंबर बघ: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचा असेल तर ट्रेड कितीही असू दे, घेऊ नकोस.

---

प्रेषक: वसुधा

नमस्कार. हे सगळं उपयोगी आहे, पण निम्मी उत्तरं "कोजागिरी – दूध किती लिटर" या विषयाखाली येताहेत. गणपतीतही ढोलांच्या बाबतीत हेच झालं होतं. कृपया विषय बदलून लिहा. आणि मंदार, गाडीचं काहीही होवो, पातेली शनिवारी चार वाजता हॉलवर हवीत. नसेल जमत तर आजच सांग, म्हणजे देवदत्तकाकांची व्हॅन घेता येईल.

---

प्रेषक: देवदत्त

व्हॅन देतो, ताई.

हा चार टायरांचा जाच आला कुठून, ते सांगतो, कारण अभयला ती दुकानदारांची लबाडी वाटते. जपानात तोहोकू इलेक्ट्रिक पॉवरला बर्फात लाइन दुरुस्तीला जायला जीपपेक्षा बरी गाडी हवी होती. मियागीच्या सुबारू डीलरने एफएफ-१ वॅगनला मागची चाकं चालवणारा ॲक्सल बसवून दिला, तो निस्सानच्या भागांतून. कंपनीने ते उचललं आणि १९७२ ला लिओनची फोर-व्हील-ड्राइव्ह एस्टेट व्हॅन बाजारात आणली. ती पार्ट-टाइम होती: कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील सोडून द्यायची, मग टायर कमी-जास्त झिजले तरी बिघडत नसे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सगळ्या सुबारू कायमच्या ऑल-व्हील झाल्या. सोडायची सोयच गेली, म्हणून टायर सारखे हवेत.

टायरवरून आठवलं. सुबारू ही मूळची नाकाजिमा विमान कंपनी. युद्धानंतर विमानं बंद झाली तेव्हा १९४६ ला त्यांनी रॅबिट स्कूटर काढली, आणि सुरुवातीला तिला बॉम्बर विमानांची शेपटाखालची उरलेली चाकं लावली. मग कंपनीचे तुकडे केले गेले, त्यातले पाच एकत्र येऊन १९५३ ला फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली. लोगोत एक मोठी चांदणी आणि पाच लहान आहेत, त्या याच.

---

प्रेषक: अभय

काका, इतिहास झकास. पण अमेरिकेत पहिली आणलेली सुबारू ३६० कसली होती तेही सांगा ना. आणि आता तर ती टोयोटाच झालीय.

---

प्रेषक: देवदत्त

तेही सांगतो. १९६८ ला माल्कम ब्रिक्लिन आणि हार्वी लॅम यांनी सुबारू ऑफ अमेरिका काढली. ३६० चं इंजिन ३५६ सीसीचं, टू-स्ट्रोक, मागे बसवलेलं. वजन हजार पौंडांच्या आत, म्हणून तेव्हाचे फेडरल सुरक्षा नियम तिला लागू होत नव्हते. १९६९ ला कन्झ्युमर रिपोर्ट्सने तिला सरळ "नॉट ॲक्सेप्टेबल" ठरवलं, आणि ते योग्यच होतं. पण जपानात १९६६ ला आलेली सुबारू १००० म्हणजे पुढे बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचं) इंजिन आणि पुढची चाकं चालवणारी; आजची गाडी तिच्या वंशातली आहे, ३६० च्या नाही.

टोयोटाचं म्हणशील तर २००५ ला जनरल मोटर्सने आपला हिस्सा काढला, त्यातला ८.७ टक्के टोयोटाने घेतला. आता तो २० टक्के आहे. वीस टक्क्यांनी कुणी टोयोटा होत नाही. जीएमकडे वीस टक्के होते तेव्हाच भारतात "शेव्हर्ले फॉरेस्टर" विकली गेली. पुण्या-मुंबईत जी थोडी दिसायची, ती हीच सुबारू.

---

प्रेषक: अभय

असेल. तरी सुबारू म्हटलं की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधली सील) गेलंच, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मंदार, चार टायर घालण्याआधी गाडीच विक.

---

प्रेषक: शिरीष

अभय, कुठलं इंजिन ते तरी बघ. हेड गॅस्केटची बदनामी जुन्या ईजे२५ इंजिनाची. १९९६–९९ च्या डबल कॅममध्ये गॅस्केट आतून जायची: एक्झॉस्टचा वायू कूलंटमध्ये, टाकीत बुडबुडे, लांबच्या चढावर काटा अचानक वर. २००० नंतरच्या सिंगल कॅममध्ये बाहेरून पाझरते. बॉक्सरची हेडं आडवी असल्याने तेल आणि कूलंट गॅस्केटच्या खालच्या कडेवर साचून राहतं, आणि मूळची ग्राफाइट लेपाची गॅस्केट ते सोसत नाही. ते काम काढलंच तर मल्टिलेअर स्टीलची गॅस्केट घालायची, हेडची सपाटी तपासून घ्यायची, आणि इंजिन उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप एकदमच बदलायचे. बेल्टची मुदत १,०५,००० मैल. तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात.

मंदारची २०१३, म्हणजे नंतरचं एफबी२५ इंजिन. टायमिंग चेन, गॅस्केटची ती रड नाही. तिचं दुखणं वेगळं: तेल पिणं. २०१३ ची आउटबॅक आणि लेगसी, २०११–१४ ची फॉरेस्टर त्यावरच्या क्लास ॲक्शनमध्ये (ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात) होत्या, वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली होती. आता ती संपली, तेव्हा डिपस्टिक हाच विमा. दर दुसऱ्या टाकीला बघ. सपाट जागा, इंजिन बंद करून थोडं थांबून, कारण बॉक्सरमध्ये तेल बाजूंना अडकतं आणि लगेच बघितलं तर कमी दिसतं. वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण १ क्वार्ट. ०डब्ल्यू-२० सिंथेटिक, पूर्ण बदलताना ५.१ क्वार्ट. फिल्टर इंजिनच्या वरच बसतो, गाडीखाली न जाता निघतो. ही एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाने केलीय.

आणि इथल्या पंपांवरचं ८५ ऑक्टेन भरू नका. उंचीवर चालतं हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज. मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलंय.

---

प्रेषक: नेहा

टायरवर परत येऊ या का?

मी शेव्हिंग म्हटलं होतं, पण मंदार आय-७० हायवेने जातो आणि तिथे कोलोरॅडोचा हिवाळी नियम आहे, हे ध्यानात आलं नव्हतं. १ सप्टेंबर ते ३१ मे, मॉरिसन ते डॉटसेरो, ट्रेड किमान ३/१६ इंच हवं, ऑल-व्हील असली तरी. ३/१६ म्हणजे ६/३२. त्याच्याकडे ७ आहे. नवाकोरा टायर घासून ७ वर आणायचा आणि ऐन हिवाळ्यात चारही बाद, याला काय अर्थ?

---

प्रेषक: प्राजक्ता

मंदार, मग आत्ताच हिवाळी टायरचा वेगळा संच का नाही करत? चौघं नवे, एकसारखे, प्रश्न मिटला. जुने तीन गॅरेजमध्ये ठेव, वसंतापर्यंत चौथा वापरलेला शोधायला वेळ मिळेल. आमच्या २०१६ च्या आउटबॅकच्या चार रिम पडून आहेत, फुकट घेऊन जा.

---

प्रेषक: शिरीष

कल्पना उत्तम, रिम लागणार नाहीत. २०१४ पर्यंतच्या आउटबॅकला ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर), २०१५ पासून ५×११४.३. दिसायला सारख्या, बोल्टवर बसणार नाहीत. जोर लावू नका.

२०१४–१८ फॉरेस्टरच्या १७ इंची बघा: ५×१००, आणि टायरही हाच, २२५/६०. २०१९ च्या फॉरेस्टरपासून तिथेही ११४.३ झालं.

---

प्रेषक: मंदार

कालच्या विक्रीच्या याद्यांमध्ये एकाकडे २०१५ फॉरेस्टरच्या रिम आहेत, उद्या बघतो. त्यात टायर प्रेशरचे सेन्सर नाहीत. चालेल? आणि तोवर स्टेपनीवर किती फिरू? जुन्या सुबारूत एक फ्यूज घालून मागची चाकं बंद करता येतात म्हणे.

---

प्रेषक: शिरीष

तो एफडब्ल्यूडी (फक्त पुढची चाकं चालवणारा) फ्यूज जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला. तुझ्या सीव्हीटीला नाही. स्टेपनीवर ताशी ५० मैलांच्या खाली, आणि फक्त टायरच्या दुकानापर्यंत. फ्रिस्को नाही. ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेड (गाडी अख्खी वर चढवणारा ट्रक). दोन चाकं उचलून नेली तर क्लच तिथेच संपतो.

सेन्सर नसले तर डॅशवरचा दिवा हिवाळाभर जळत राहील, गाडीला काही होत नाही. नवे सेन्सर घातलेस तर त्यांचे नंबर टूलने गाडीत नोंदवावे लागतात, आपोआप ओळखत नाही. बसवताना जुन्या रिमचा गंज हबवरून तारेच्या ब्रशने साफ करून घे, नट चांदणीच्या क्रमाने आवळ, आणि ५० मैलांनंतर पुन्हा टॉर्क तपास.

---

प्रेषक: अभय

कुणाला २०१६ च्या आउटबॅकवर बसणारे चार टायर हवे असतील तर सांगा, प्राजक्ताच्या रिम मी तिकडे पोचवतो.

---

प्रेषक: प्राजक्ता

अभय, फक्त रिम आहेत. टायर नाहीत. वर लिहिलंय.