मदत हवी आहे: मेसवर जेवतो, पोळी-भात कमी करून पोट कसं भरायचं?

नमस्कार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससीची तयारी सुरू आहे. परवा रक्त तपासलं, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गोळी नको, पण पोळी-भात-साखर कमी करा आणि चालायला लागा. वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे दुर्लक्ष करायचं नाही.

मेसच्या ताटात चार पोळ्या, भात, पातळ वरण आणि भाजी, तीही बऱ्याचदा बटाट्याची. दोन पोळ्यांवर उठलो की अभ्यासिकेत पोटात कावळे ओरडतात, मग खाली चहा-क्रीमरोल होतोच. खोलीवर गॅस नाही, फक्त इलेक्ट्रिक किटली. घरमालकांना अंडी चालत नाहीत. मेसव्यतिरिक्त महिन्याला हजारभर रुपये निघतील. घरून जास्त मागवणार नाही.

नेटवरचे तक्ते बदाम, चीज, अॅव्होकॅडोचे. भाकरीची मेस शोधत होतो, तर कळलं की ज्वारीतही पिष्ट जवळपास गव्हाइतकंच असतं. कोणी असं निभावलंय का?

प्रतिसाद:
सोयाबीनच्या वड्या घ्या. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. भांड्यात वड्या घेऊन किटलीतलं उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, फुगल्या की घट्ट पिळा. ते पाणी टाकून द्यायचं, नाहीतर वास राहतो. वर दही, मीठ, जिरेपूड, चिरलेला कांदा. ३०-४० ग्रॅम पुरतात, आणि पोळ्या कमी केल्याचं जाणवत नाही.

प्रतिसाद:
मेसवाल्या काकूंशी बोलून बघ रे. भात नको, त्याऐवजी वरण घट्ट आणि भाजी दोन वाट्या द्या म्हणावं; बऱ्याच जणी ऐकतात. मंडईतून काकडी, मुळा, कोबी आण, कच्चंच खाता येतं. अकराच्या भुकेला भाजलेले शेंगदाणे मूठभर, किलोने घेतलेस तर स्वस्त पडतात. चहा बिनसाखरेचा. आणि हे बघून वडिलांचं जेवण परस्पर बदलू नकोस हं. शुगरच्या काही गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम तोडला तर साखर फार खाली जाते. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार.

धागाकर्ता:
काकू, वडिलांचं बरं सांगितलंत, आजच फोन करतो. वड्या उद्यापासून सुरू. दही खोलीवर फ्रीजशिवाय टिकत नाही, त्याऐवजी काय घालता येईल?