शेजाऱ्याच्या डोंग्यावरच्या मोटारीले आपल्या पेटीतून लाईन द्यावी का?

धुऱ्यावरचा:
नमस्कार मंडळी. माहं वावर पवनीजवळ वैनगंगेच्या काठाले आहे, ५ एचपीची मोटार, स्टार्टरची पेटी काठावरच खांबाले लावली आहे. शेजारच्या काकाजीनं वीज कनेक्शनच्या कोटेशनचे पैसे भरून पावसाळा गेला तरी कनेक्शन आलं नाही, उन्हाळी धान रोवून बसले, आन् गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर, म्हणजे मागं साचलेलं पाणी, उतरलं की पाणी मागं सरकते म्हणून मोटार डोंग्यावर चढवली. आता म्हणते तुह्या पेटीतून वायर दे, बिल तर तुले येतच नाही. खरं आहे, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत माफ आहे. पण वायर पाण्यावरून जाणार, तिथंच मासेमारीचे डोंगे बांधून रायते, पोरं पोहते. बाबा दवाखान्यात होते तेव्हा याच काकाजीनं रात्र-रात्र जागून माह्या धानाले पाणी दिलं, त्याईले नाही कसं म्हणू?

जुना वायरमन:
पहिले लोड पाय. ५ एचपी चालू असताना फेजमागं सात-आठ अँपिअर खाते, दोन झाल्या की पंधरा, आन् उठताना पाच-सहापट ओढते. ऑटो स्विचवर, म्हणजे लाईन आली की आपोआप मोटार चालू करते त्यावर, दोन्ही एकदम उठल्या की फ्यूज जाते, मग माणूस किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसते त्या खोबणीत, जाडी तार टाकते आन् तिथून सगळं बिघडते. मी एका काठावर असा जोड पायला, टेप उन्हानं तडकलेली, आतली तार हिरवी पडलेली, खालून पाणी लागलेलं, आन् मोटार मस्त चालूच. अर्धा अँपिअर गळला तर फ्यूजले काहीच कळत नाही बाप्पा, माणसाले मात्र त्याच्या कितीतरी कमी करंट पुरते.

ब्रह्मपुरीचा, सध्या कोची:
भाऊ मी मरीनात, म्हणजे बोटी लावाच्या धक्क्यावर, कामाले आहे म्हणून लिहून राहिलो. बोट धक्क्याले लागली की जनरेटर बंद करून काठावरच्या खांबातून लाईन घेते, शोअर पॉवर म्हणते त्याले. एका बोटीले एक सॉकेट, बहुतेक १६ नाहीतर ३२ अँपिअरचा, ब्रेकर ज्याचा त्याचा, वरून ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा ब्रेकर वेगळा. एका बोटीतून दुसरीत वायर ओढणं चालत नाही, कितीही घरोबा असो. गोड्या पाण्यात करंट पसरला की त्याले पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून जाणं सोपं पडते, हातपाय आखडते, चांगला पोहणारा बुडते आन् वरून पाहणाऱ्याले नुसता बुडालाच वाटते. तुह्या घाटावर पोरं पोहते म्हणतो, मग मी तर हात जोडून सांगतो, नको देऊ.

लाखांदूरकर:
कायद्यानंही अंगावर येईल. वीज कायदा २००३, कलम १२६, ज्या जागेसाठी कनेक्शन आहे ती सोडून दुसरीकडे वापरलं की अनधिकृत वापर, दुप्पट दरानं आकारणी, किती दिवस वापरलं ते कळलं नाही तर १२ महिन्यांची. कनेक्शन तुह्या नावाचं, तर कागदही तुह्याच नावानं येईल. काकाजीले 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा अर्ज भराले लाव, पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरा लागते, अनुसूचित जाती-जमातीले ५. पण धान आत्ता उभा आहे, म्हणून लाईन नको देऊ, पाणी दे. तुही मोटार तुह्याच पेटीवर, पाईप मात्र त्याईच्या धुऱ्यापर्यंत.

धुऱ्यावरचा:
हे काऊन सुचलं नाही मले! काल संध्याकाळी काकाजीच्या ओसरीवर जाऊन बसलो, पोरं पोहते ती गोष्ट सांगितली तर ते बराच वेळ काही बोललेच नाही, त्याईचा नातूही तिथंच उड्या मारते. मग म्हणे मोटार उतरवतो डोंग्यावरून. आठ तास लाईन रायते, पहिले पाच माहे, शेवटचे तीन त्याईचे. माह्याकडं ६ पाईप आहे, त्याईच्याकडं ११, दोन अजून कमी पडते, कोणाकडं तीन इंची असन तर सांगा. आन् वायरमन दादा, माह्या पेटीत गळतीचा ब्रेकर नाहीच आहे, तीन फेजचा कोणता घेऊ?

जुना वायरमन:
चार पोलवाला घे, आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाक आन् पेटीचा फोटो पाठव, मग सांगतो.