जिप्सीला दोन इंची बॉडी लिफ्ट घालतोय, जॅक कुठला घेऊ?

वाळपईकर

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी, १९९९ची, हार्डटॉप. आमची काजूची बागायत गोव्यात सत्तरीत डोंगरउतारावर आहे, बोंडू खाली आणायला हीच गाडी. गेल्या पावसात वाटेला एवढ्या खोल चाकोऱ्या पडल्या की मी २३५/७५ आर १५ टायर घातले. आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासतो. आतल्या कडेचं रबर सोलून निघालंय, बोट फिरवलं तर खरवडल्यासारखं लागतं.

किट मागवलंय, बॉडी आणि चॅसिस (खालचा सांगाडा) यांच्या मध्ये घालायचे नायलॉनचे काळे गट्टू आणि लांब बोल्ट. मी आणि मेहुणा मिळून घरीच बसवणार आहोत. अडलंय ते जॅकवर. घरात बाबांच्या टिपरचा २० टनी बॉटल जॅक आहे. २०१२ला खाणी बंद पडल्या, पुढे टिपर विकला, जॅक मात्र बाबांनी जपून ठेवला. अख्खी जिप्सी टनभराची, म्हणजे हा जॅक पुरेल ना? मेहुणा म्हणतो हाय-लिफ्ट (उंच उभ्या दांड्याचा जॅक) घे, रानातही कामाला येईल. खर्च एकदाच करायचा आहे, म्हणून विचारतोय.

कुळ्याचा मिस्त्री

दादा, मी कुळ्याला जीपा दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. दूधसागरच्या गाड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हाच आम्ही बॉडी उचलायची कामं काढतो.

टनांकडे बघू नका. यात गाडी उचलायचीच नसते. चॅसिस, इंजिन, अ‍ॅक्सल सगळं आपल्या चाकांवर उभं राहतं, वर जाते ती नुसती बॉडी, तीही एका वेळी एकच बाजू. वजनाला २ टनी जॅकही भरपूर झाला. बघायचं ते जॅक किती उंच पोचतो, त्याचं डोकं किती रुंद आहे आणि तो खाली किती सावकाश येतो.

आधी टेप घ्या. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीपासून दाराखालच्या पट्टीपर्यंत मोजा. मागे एका जिप्सीला मला ४६ सेंमी भरलं होतं. तुमच्या मोठ्या टायरमुळे सुमारे ३ वाढतील, म्हणजे ४९. गट्टूचे ५, तो आत सरकवायला मोकळी जागा २, झाले ५६. जॅकवर १० सेंमीचा लाकडी ठोकळा येईल, तो वजा करा. जॅक ४६ सेंमी गाठणारा हवा. छोटे २ टनी ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारे) बहुतेक ३३-३५लाच थांबतात, मोठा ३ टनी ४८-५० पर्यंत जातो. म्हणून ३ टनी घ्या, उंचीसाठी. दुकानात डब्यावरचा आकडा वाचून येऊ नका, तिथेच पूर्ण वर करून टेप लावा.

उंची कमी पडली म्हणून जॅकखाली चिरे रचायचे नाहीत, हे हात जोडून सांगतो. भिजलेला चिरा कोपऱ्यातून फुटतो आणि फुटण्याआधी काही कळत नाही.

बाबांचा जॅक ट्रकच्या अ‍ॅक्सलखाली उत्तम, इथे नको. त्याचं डोकं लहान, पत्र्यात खड्डा पाडतं. शिवाय एक बाजू उचलली की बॉडी पलीकडच्या बाजूवर बिजागरीसारखी फिरते, तिची कड थोडी बाजूला सरकते. बॉटल जॅक आपल्या जागी ताठ उभा राहतो आणि वरचं टेकण निसटतं. ट्रॉली जॅक गाडीला काटकोनात लावला तर तो चाकांवर तेवढा सरकून घेतो. पण मातीच्या अंगणात त्याची चाकं रुतली की तो बॉडीलाच ओढायला लागतो. पडवीत सिमेंट असेल तर तिथे करा, नाहीतर खाली जाड प्लायवुड घाला.

हाय-लिफ्ट चिखलात रुतलेल्या गाडीसाठी ठीक. बोल्ट काढलेल्या बॉडीला मुळीच लावू नका. त्याची जीभ अरुंद, उभा दांडा एका बाजूला कलतो, आणि उतरवताना हँडल सुटलं तर जबड्यावर बसतं.

दाराखाली दीड हात लांबीचा फणसाचा वासा आडवा धरा म्हणजे भार पसरेल. एका बाजूचे बोल्ट काढताना दुसऱ्या बाजूचे फक्त चार-पाच आटे सैल करायचे. आणि गट्टू काठीने आत ढकलायचा. बॉडी आणि चॅसिसच्या मध्ये बोट गेलं नाही पाहिजे, एकदाही नाही.

मांद्रेकर

मिस्त्रींनी आटे सैल करायचं सांगितलं ते का, ते माझ्या गाडीवर बघितलंय. एका गॅरेजवाल्याने घाईत दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदमच काढले. जॅक लावताच बॉडी दोन बोटं मागे सरकली, पेट्रोल भरायच्या नळीचा रबर फाटला आणि भोकं जुळवण्यात संध्याकाळ गेली. मी शेजारी उभा होतो आणि अडवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बोल्ट धरतात. चार दिवस आधीपासून रोज गंज सोडवायचं तेल मारत राहा. पाना लावल्यावर बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही असं झालं, तर आतला वेल्ड केलेला नट सुटलाय समजा आणि तिथेच थांबा.

फोंड्याहून

रेडिएटर बॉडीसोबत वर जातो, फॅन इंजिनवर खालीच राहतो. उचलण्याआधी श्राउड (फॅनभोवतीचं कडं) सोडवा, नंतर पाती हाताने फिरवून बघा. स्टिअरिंगचा शाफ्ट, हँडब्रेकची केबल, अर्थची पट्टी, दोन्ही गिअर लिव्हरचे रबर, सगळ्यांना तेवढी ढील लागते. गाडीतल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यामुळे काम करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. आणि लिफ्टने डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा) वर जात नाही. खालची जागा वाढली ती टायरमुळे, साधारण सव्वातीन सेंमी, बस.

वाळपईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या गाडीला ४८.५ सेंमी भरलं. ३ टनी ट्रॉली आणला, दुकानात टेप लावून, पूर्ण वर ४९. आरटीओत चौकशी केली, मग रविवारी शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या पडवीत काम काढलं. उजवी बाजू दीड तासात झाली. डावीकडचा मागचा बोल्ट मात्र मांद्रेकरांनी सांगितलं तसाच नुसता फिरत राहिला. थांबलो. दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावून फ्लोअरमधून नट धरला, मग सुटला.

जॅक खाली सोडताना बाबा जवळ येऊन बसले. हँडल त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी केसभर केसभर फिरवून बॉडी गट्टूंवर उतरवली, टक् असा आवाजही आला नाही. फॅनची पाती श्राउडला खाली लागत होती, श्राउड कापून घेतला. टायर आता कुठेच घासत नाही. बोल्ट परत कधी आवळायचे?

कुळ्याचा मिस्त्री

पाचशे किलोमीटर झाले की एकदा, गाडी चाकांवर उभी असताना. मग पावसाळा संपल्यावर. बाबांना नमस्कार सांगा.