नागपूरला रेसिंग डिंगी (शर्यतीची लहान शिडाची बोट) घ्यायची तर कोणती, आणि विकताना पैसे परत येतात का?

प्रेषक: सु. दे., साउथॅम्प्टन

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही नागपूरला कायमचे परततो आहोत. मुलगी १६ वर्षांची, वजन ५८ किलो. मुलगा ११ चा, ३८ किलो. दोघेही शर्यतीत बोट चालवतात. इथून मुलीसाठी जुनी आयएलसीए (एकट्याने चालवायची डिंगी) आणि मुलासाठी ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची डिंगी) घेऊन पाठवावी, की तिकडेच घ्यावी? तीन-चार वर्षांनी विकायची वेळ आली तर किंमत कितपत टिकते? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

*

प्रेषक: मा. बो., धरमपेठ, नागपूर

सु. दादा,

आधी किमतीचं. डिंगीला भाव मिळतो तो तिच्या क्लासच्या (एकाच नमुन्याच्या बोटींच्या) शर्यती जिथे भरतात तिथे. आयएलसीएला हैदराबादच्या हुसेन सागरावर, भोपाळच्या मोठ्या तलावावर आणि मुंबईत गिऱ्हाईक मिळेल. नागपुरात वाट बघावी लागेल. म्हणजे घेताना इथवर आणायचं भाडं आणि विकताना पुन्हा न्यायचं भाडं, दोन्ही आजच धरून चाला. भोपाळ साधारण ३५० किलोमीटर, हैदराबाद ५००, मुंबई ८०० च्या वर. उदाहरणादाखल, ३ लाखांची बोट चार वर्षांनी सव्वादोन लाखांना गेली, तर घट दिसते ७५ हजारांची. त्यात दोन्हीकडचं भाडं ५० हजार आणि मधे एक नवं शीड ६० हजारांचं धरलं की खरा खर्च १ लाख ८५ हजारांवर जातो. ज्याला हा हिशेब पटतो त्यानेच घ्यावी. गुंतवणूक म्हणून डिंगी घेऊ नये.

तरीही आयएलसीएची घट इतर बऱ्याच डिंग्यांपेक्षा कमी असते, त्याला कारण आहे. २०१९ पर्यंत हिला लेझर म्हणत. हल (बोटीचं मुख्य धड) एकच, वर तीन आकारांची शिडं: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. मास्टचा (शिडाच्या खांबाचा) खालचा तुकडा आणि शीड बदललं की तीच बोट आयएलसीए ४, ६ किंवा ७ होते, म्हणून गिऱ्हाईक तिप्पट. तुमच्या मुलीच्या वजनाला ६ बरोबर आहे. भारताची नेत्रा कुमानन टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकला याच क्लासमध्ये उतरली होती. ६ आणि ७ हे दोन्ही क्लास २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहेत, त्यामुळे मागणी एकदम आटायची नाही. याउलट फिन क्लास १९५२ पासून ऑलिंपिकमध्ये होता, टोकियोनंतर वगळला. असा क्लास घेताना शंभरदा विचार करावा.

कोरी बोट घेऊच नका. वरच्या दर्जाचे खेळाडू हल जरा नरम पडला की बदलतात, म्हणून सर्वांत मोठी घट पहिल्या दोन-तीन वर्षांतच होते. पाच ते आठ वर्षं जुनी, कोरडी, घट्ट हलची बोट बघा.

कोरडी म्हणजे काय, ते तपासून ठरवायचं. नुसत्या हलचं वजन ५९ किलोच्या आसपास हवं. लटकता काटा सोबत न्या. ६४-६५ दाखवला तर आत पाणी किंवा भिजलेला फोम आहे. मग मास्ट ज्या खाचेत बसतो ती मास्ट-स्टेप पाण्याने काठोकाठ भरा आणि वीस मिनिटं थांबा. पातळी उतरली तर पाणी हलमध्ये जातंय. ही बोट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, कारण जोराच्या वाऱ्यात स्टेप सुटला की मास्ट डेक (हलचा वरचा भाग) फाडून बाहेर येतो. खाचेच्या तळाशी वाळूने घासून खड्डा पडलाय का, तेही हाताचं बोट आत फिरवून बघा.

नंतर मागचं बूच काढून तिथून तोंडाने हवा फुंका आणि डेकच्या सांध्यावर, रडरच्या (सुकाणूच्या) बिजागरीभोवती, बेलरजवळ (पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेजवळ) साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. काँप्रेसर अजिबात लावू नका, सांधाच उघडतो. कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) बाजूला आणि मास्टच्या पुढे अंगठ्याने दाबत जा. चुरचुर आवाज आला तर आतला फोम सुटलाय.

मास्टचा वरचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असेल तर तो सपाट फरशीवर लोळवा. वाकलेला असेल तर लगेच कळतं. तो बहुधा कॉलरच्या (दोन तुकडे जोडतात तिथल्या कड्याच्या) रिव्हेटपाशीच मोडतो, कारण तिथे भोक आहे आणि ताण सगळा तिथेच येतो. मुंबईची बोट असेल तर स्टीलच्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी शोधा, ती खाऱ्या पाण्याची गंज. आपल्या अंबाझरीचं किंवा खिंडसीचं पाणी गोडं, तेव्हा इथे वापरलेली बोट विकताना ही बाब जाहिरातीत आवर्जून लिहा. डॅगरबोर्डवर (हलमधून खाली पाण्यात सरकवायच्या फळीवर) तांबूस ओघळ दिसला तर आतल्या सळ्यांपर्यंत चीर गेली आहे, असं समजा.

शेवटी कॉकपिटमधली क्लासची पट्टी आणि हलचा नंबर. पट्टी नसेल तर क्लासच्या शर्यतीत उतरता येत नाही, आणि मग ती फक्त सरावाची बोट उरते. नकली शिडाचंही तसंच: सरावाला चालतं, शर्यतीत नाही.

*

प्रेषक: रा. जो., रॉटरडॅम

सु.,

पाठवायचं गणित सोपं आहे. घरचं सामान २० फुटी कंटेनरने जाणारच असेल तर हल त्यात बसतो: हल ४.२३ मीटर लांब, कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर. मास्ट दोन तुकड्यांत असल्याने तोही मावतो. हल डेक वर ठेवून गादीवर ठेवा, पट्टे बांधताना काठाखाली फोम घाला. नुसता पट्टा आवळला तर डेक चेपतो. लाकडी आधार दिलात तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा, नाहीतर बंदरात अडकतं. फक्त बोटीसाठी कंटेनर करू नका. तसं असेल तर हल भारतातच घ्या आणि इथून शीड, दोऱ्या, ब्लॉक (कप्प्या), कनिंगहॅम-व्हँगचा (शीड ताणायच्या दोऱ्यांचा) संच न्या, तो सामानात मावतो.

कस्टमचं मात्र बोट विकत घ्यायच्या आधी क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या. जुन्या बोटीची किंमत अधिकारी आपल्या पावतीवरूनच धरतील असं नाही. खरेदीची पावती, हल नंबर आणि फोटो जवळ ठेवा.

*

प्रेषक: मा. बो., धरमपेठ, नागपूर

ऑप्टिमिस्टचं राहिलं होतं. ज्या वर्षी मूल १५ चं होतं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच ते शर्यतीत चालतं. म्हणजे धाकट्याला चार वर्षं मिळतील, आणि त्यातही वजन ५० च्या पुढे गेलं की बोट हळू पडते. लवकर विकलेली बरी. हल ३५ किलोचा. तिन्ही हवेच्या पिशव्या रात्रभर फुगवून ठेवा, सकाळी एकही नरम पडलेली नको. डॅगरबोर्डच्या खोबणीच्या तळाशी चिरा बघा, बोट काठावर घासून तिथूनच गळायला लागते.

आणि दादा, आपल्या मे महिन्याला विसरू नका. ४५ अंशांत टिनाच्या शेडखाली बंद हल ठेवला तर आतली हवा फुगून सांधे ताणते, म्हणून बूच कायम काढून ठेवायचं. अरुंद टेकूवर ठेवलेल्या हलला त्या उन्हात खळगा पडतो, तेव्हा ट्रॉली (हाताने ढकलायची गाडी) काठांवर पेलणारी घ्या, तळ अधांतरी राहू द्या. काळी ताडपत्री नको. फिकट रंगाचं, हवा खेळणारं कापड घाला, नाहीतर पावसाळ्यात आत ओल धरून जेलकोटला (हलच्या वरच्या गुळगुळीत थराला) फोड येतात. शीड गुंडाळून घरात, पलंगाखाली. डॅगरबोर्ड आणि रडर आडवे, उन्हाबाहेर. उभे टेकवून ठेवले की वाकतात.

अंबाझरीवर उतरवायची परवानगी महापालिकेकडून आधीच घ्या. जलपर्णी किती आहे तेही बघून या, ती डॅगरबोर्डला अडकली की वळताच येत नाही. रामटेकजवळचं खिंडसी जास्त मोकळं आहे, पण तिथे जायचं तर ट्रॉलीसोबत मोटारीमागे जोडायचा ट्रेलरही लागेल. तोही हिशेबात धरा.