सिस्टर रोझेटा थार्पला रॉक अँड रोलची जननी म्हणणं जरा जास्त होतं का?

प्रश्न (तारछेडा): मी एल्व्हिस, चक बेरी हे रॉक अँड रोलवाले ऐकत मोठा झालो. काल कुणीतरी म्हणालं, यांच्याआधी सिस्टर रोझेटा थार्प ही अमेरिकन गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) गाणारी, गिटार वाजवणारी बाई हे सगळं करून बसली होती. खरंच?

खर्जातला: करून बसली होती म्हणजे काय, वाजवून बसली होती! 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' १९४४चं रेकॉर्डिंग. शब्द चर्चमधले, पण सॅमी प्राइसचा पियानो बुगी-वुगीचा (नाचऱ्या ठेक्याचा ब्लूज) आणि वर हिची इलेक्ट्रिक गिटार. १९४५मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या 'रेस' यादीत (कृष्णवर्णीयांच्या संगीताची तेव्हाची यादी) दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड १९५४ची, आता तूच हिशोब कर.

'जननी' वगैरे मला पटत नाही. जंप ब्लूजवाले (वेगवान, नाचायचा ब्लूज वाजवणारे) होते, बुगीचे पियानोवाले होते. एकटीच्या नावावर सातबारा कशाला? पण गिटारचा तो टणत्कार तिचाच.

तारछेडा: व्हिडिओ आहे का कुठे?

खर्जातला: १९६४चा मँचेस्टरचा बघ. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, प्रेक्षक एका फलाटावर, ही समोरच्या. ओली हवा, अंगात जाडजूड कोट, गळ्यात पांढरी गिब्सन गिटार. सोलोच्या वेळी उजवा हात बघ, बाकी काही बघू नकोस. मी तो तुकडा शिकायला बसलो होतो. सूर सापडले, झटका नाही सापडला.

जुनीतबकडी: आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने (मानाच्या यादीत) तिला घेतलं कधी, तर २०१८ला! ती १९७३मध्येच गेली होती.