छातीचा खड्डा किंवा उंचवटा: स्कॅनच्या आधी नेमकं काय तपासायचं?

ओपीडी_नोंदवही:
वयात येणाऱ्या मुलांची छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली दिसली की कागदावर ‘पेक्टस’ (छातीच्या ठेवणीतला दोष) एवढंच लिहून मुलाला थेट सीटीला पाठवलं जातं. सहा महिन्यांनी तेच मूल परत आलं की वाढलंय की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. खोली कशी मोजावी, म्हणजे दुसऱ्या कुणी मोजली तरी तुलना होईल? आणि सीटीवरून काढतात त्या हॅलर इंडेक्सवर (खड्ड्याची तीव्रता सांगणारा आकडा) कितपत भिस्त ठेवायची?

बरगडी_१०:
सीटी सगळ्यात शेवटी. आधी मुलाला उशी न देता सपाट, कडक टेबलावर उताणं झोपवा, हात अंगालगत. खड्ड्याच्या दोन्ही कडांवर एक ताठ पट्टी आडवी ठेवा. दुसरी पट्टी तिला काटकोनात धरून तळाला अलगद टेकवा. साधा श्वास सोडून झाला की आकडा वाचा, मिलिमीटरमध्ये. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा. गळ्याच्या खळगीपासून तळ किती सेंटिमीटर खाली आहे, मध्यरेषेवर आहे की एका बाजूला सरकलाय, हेही शेजारीच नोंदवा. हे नसेल तर पुढचा माणूस भलत्याच जागी पट्टी टेकवतो.

चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात. पट्टी छातीला लागली की मूल नकळत श्वास भरून धरतं, छातीचं हाड वर येतं आणि खड्डा उथळ भासतो. म्हणून मोजताना त्याच्याशी बोलत राहा. दुसरी चूक मुलींच्या बाबतीत: पट्टी स्तनांवर टेकते आणि खोली उगाच जास्त येते. तिथे पट्टी वर-खाली सरकवून बरगड्यांचाच आधार शोधावा लागतो. फोटो समोरून, तिरपा आणि बाजूने, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून.

हॅलर म्हणजे छातीची आतली रुंदी भागिले छातीचं हाड आणि मणका यांतलं सर्वांत कमी अंतर. २४० मिमी रुंदी आणि ६० मिमी अंतर असेल तर ४.०. साधारण छातीत तो २.५ च्या आसपास येतो, ३.२५ च्या वर गेला की तीव्र धरतात. पण मुळात चपट्या, रुंद छातीत खड्डा फारसा नसतानाही आकडा फुगतो आणि पिंपासारख्या गोल छातीत चांगला खोल खड्डाही लपतो. म्हणून सोबत करेक्शन इंडेक्स काढा: खड्डा नसता तर जे अंतर असतं, त्याच्या किती टक्के कमी झालंय. वरच्याच उदाहरणात ते ८४ मिमी धरलं तर २४ मिमी गेले, म्हणजे सुमारे २९ टक्के. १० टक्क्यांच्या वर असेल तर खड्डा खराच आहे. स्कॅन पूर्ण श्वास भरून काढला असेल तर हॅलर कमी दिसतो. श्वासाची स्थिती रिपोर्टमध्ये नसेल तर विचारून घ्या.

पट्टा_आणि_पॅड:
पुढे आलेल्या छातीबद्दल. एक तळहात उंचवट्यावर, दुसरा पाठीवर ठेवून सावकाश दाबा. छाती सपाट होते का, ते बघा. पट्टा (उंचवटा दाबून ठेवणारा, पॅड असलेला) लावायचा की नाही हे उंचवट्याच्या उंचीपेक्षा या लवचिकतेवर जास्त ठरतं. दाब मोजायचं यंत्र असेल तर छाती सपाट व्हायला किती पीएसआय (दाबाचं एकक) लागतात ते लिहा. ७.५ पर्यंत असेल तर पट्ट्याने चांगला फरक पडतो, ९ च्या पुढे पट्टा सहसा टाळतात. रोज घालायचा दाब मात्र २.५ च्या आतच. घाई करून जास्त कसला की पॅडखालची कातडी सोलवटते, मूल पट्टा काढून ठेवतं आणि सगळंच थांबतं.

उंचवटा अगदी वर, हाडाच्या वरच्या तुकड्यापाशी असेल आणि दाबून तसूभरही हलत नसेल, तर तो वेगळा प्रकार आहे. हाडाचे सांधे लवकर जुळलेले असतात, पट्ट्याने तो बसत नाही. त्याच्यासोबत जन्मजात हृदयदोष असू शकतो, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करा.

ओपीडी_नोंदवही:
धन्यवाद. छातीव्यतिरिक्त काय बघायचं? आणि इको, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) सगळ्यांनाच करायची का?

बरगडी_१०:
सगळ्यांना नाही. दम लागणं, धडधड, छातीत दुखणं, झपाट्याने वाढणारा किंवा खोल खड्डा, यांपैकी काही असेल तर करा. खड्ड्याने हृदयाची उजवी बाजू दबते, म्हणून इको करणाऱ्याला चिठ्ठीत तसं लिहून द्या. बसून केलेली स्पायरोमेट्री बऱ्याचदा साधारण येते. तेवढ्यावरून ‘दम लागतो म्हणजे मनाचे खेळ’ असं मुलाला कृपया म्हणू नका.

बाकी शरीर: दोन्ही हात पसरून लांबी मोजा. ती उंचीच्या १.०५ पट किंवा जास्त असेल, अंगठा मुठीत दुमडल्यावर त्याचं पूर्ण पेर करंगळीच्या बाजूने बाहेर येत असेल, तर मार्फान सिंड्रोमचा (जोडऊतींचा आनुवंशिक आजार) विचार करा आणि डोळे तपासून घ्या. मार्फानच्या गुणांकनात पुढे आलेल्या छातीला २ गुण आहेत आणि खड्ड्याला १, त्यामुळे उंचवट्यालाही हलकं समजू नका. मग कमरेतून वाकवून पाठ पाहा, एका बाजूला कुबड येतं का. एक बाजू चपटी वाटली तर हात कमरेवर दाबून धरायला सांगा. काखेची पुढची कड उठत नसेल तर तिथला स्नायूच कमी आहे, म्हणजे पोलंड सिंड्रोम. त्याच बाजूची बोटं आखूड किंवा जुळलेली आहेत का, ते पाहा.

बाळ_आणि_श्वास:
अगदी लहान मुलांबाबत एक. बाळाची छाती फक्त श्वास घेतानाच आत जात असेल तर आधी श्वासमार्ग तपासा: स्वरयंत्राचा मऊपणा, थोड्या मोठ्या मुलांत सुजलेले टॉन्सिल आणि अॅडिनॉइड. तो अडथळा गेला की खड्डा पुष्कळदा कमी होतो. बरगड्यांच्या टोकांना मण्यांसारख्या गाठी आणि मनगटं रुंद असतील तर मुडदूस, तिथे कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व तपासा. आणि एकाच बाजूची, घट्ट, भराभर वाढणारी किंवा रात्री दुखणारी गाठ असेल तर पट्टी बाजूला ठेवा. त्याच आठवड्यात इमेजिंग करून घ्या.

पट्टा_आणि_पॅड:
एक राहिलं. मुलाला थोडा वेळ आईवडिलांशिवाय विचारा, पोहायला जातोस का, इतरांसमोर शर्ट काढतोस का. खांदे पुढे ओढून चालणं पुष्कळदा लपवण्यापायी असतं. उत्तर मिलिमीटरच्या आकड्याशेजारीच लिहा, उपचार ठरवताना दोन्ही लागतात.